पुढला सोमवार

शालूबाई पडली ती मैनाच्या पायाशीच. श्रावणाची झड लागलेली, गोठ्यातल्या फरशीवर हिरवं बुळबुळीत शेवाळ धरलेलं, आणि म्हातारी एका हातात पेंडीची पाटी, दुसऱ्या हातात बादली घेऊन रोजच्या वाटेनं आत शिरली. पाय सटकला. पेंड सांडू नये म्हणून तिनं पाटी वर धरली आणि सगळा भार उजव्या मनगटावर घेतला. मनगट मोडलं, पेंड सांडली नाही. कोल्हापुरातनं प्लॅस्टर घालून घरी आल्यावर तिनं सुनेला पहिलं विचारलं ते हेच, "पेंड घातलीस का तशीच पडलीया?"

"घातली, आत्ती."

"आणि धार?"

 क्रांतीच्या नडगीवर मैनाचा खूर लागला होता आणि तिथं टेंगूळ आलं होतं. बादली गोठ्याच्या कोपऱ्यात आडवी पडली होती. सांडलेलं दूध मांजरीनं चाटून संपवलं होतं, म्हणजे ते किती होतं हे समजायला हरकत नाही.

मैना ही लांब शिंगांची, तिरक्या डोक्याची म्हैस. महिन्यामागं तिचं रेडकू दगावलं, तेव्हापासनं ती कुणाला कासेजवळ येऊ देत नव्हती. एकटी शालूबाई तिच्याशेजारी उकिडवी बसायची, कासेवर कोमट पाण्याचे हबके मारायची, "हे बाय, सोड गं माझी बाय" असं खालच्या आवाजात पुटपुटत राहायची, आणि मग मैना मान सैल सोडून पान्हवायची. दुसऱ्याचा हात लागला की दूध वर चढवायची.

आणि दुसरा हात होता कुणाचा? शालूबाईचा लेक कृष्णात शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत. दिवस उजाडायच्या आधी मोटरसायकल काढायचा, अंधार पडता परत यायचा, आला की अंगाला जळक्या वाळूचा वास. राहिली क्रांती. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली होती. भांगलायला जाईन, वैरणीचे भारे आणीन, शेणघाण काढीन, पण धारेला बसणार नाही. असली अट घालणारी पोरगी कुणी बघितली नव्हती. कृष्णात हसला होता. शालूबाई हसली नव्हती, पण टोमणे मारत मारत तिनं ती अट पाळली होती.

"माझं लुगडं नेस," रात्रीच्या भाकरीला शालूबाई म्हणाली. "म्हशीला वास कळतुया. तुझ्या त्या गाऊनाला साबणाचा वास मारतोय."

दुसऱ्या दिवशी क्रांतीनं सासूचं विटकं हिरवं लुगडं गुंडाळलं. पोटावर बोचकं झालं. तंबाखूच्या मिसरीचा, शेणाचा, म्हातारपणाचा वास नाकाशी घेऊन ती खाली बसली. मैनानं मान वळवली, लुगडं हुंगलं, एक सुस्कारा टाकला. क्रांतीनं सड धरले. हात विसरला नव्हता. इतक्या वर्षांनी मूठ आपोआप वळली, आणि तेच तिला नको होतं. मैनाची कातडी थरथरली. चार चिळकांड्या आल्या न आल्या, तोवर शेपटीचा फटका क्रांतीच्या तोंडावर बसला आणि मागचा पाय उचलला गेला.

डेअरीच्या संकलन केंद्रावर सम्मेद दूध मोजत बसलेला असायचा. त्यानं किटलीत डोकावून बघितलं, मग लुगड्यातल्या क्रांतीकडं बघितलं.

"काय वहिनी, म्हशीनं श्रावणी सोमवार धरलाय व्हय?"

रांगेतल्या बायका खिदळल्या.

"धरलाय की," क्रांती म्हणाली. "तुमच्यागत बसून खात न्हाय ती."

हसणं सम्मेदवर उलटलं. पण घरी येताना रिकामी किटली तिच्या गुडघ्यावर आपटत राहिली. तिसऱ्या दिवशी मैनाचा एक सड ताठरला. शालूबाईनं डाव्या हातानं चाचपून बघितलं आणि ती खाली बसली. "दगडी धरायला लागलीया. आणि दोन दिवस असंच चाललं तर कास जाईल बघ तिची."

"बाजारात नेऊ," कृष्णात जेवता जेवता म्हणाला.

"कास गेलेली म्हस कोण घेतंय? खाटीक." शालूबाईनं ताट सरकवलं. "तुझ्या बाला जाताना ह्याच म्हशीच्या आयचं दूध पाजलंय म्या."



क्रांतीच्या लेकीला, अनुजाला, या सगळ्यातलं फारसं काही सांगितलेलं नव्हतं. ती पाचवीत होती, वारणानगरच्या बाजूला इंग्लिश शाळेत. सकाळी पिवळी बस पाणंदीच्या तोंडाला यायची. क्रांती तिला हाताला धरून तिथवर न्यायची, बुटाला चिखल लागू नये म्हणून डबक्यापाशी उचलून घ्यायची, बस दिसेनाशी होईस्तोवर उभी राहायची. शाळेतनं आल्यावर शिकवणी, शिकवणीनंतर अर्धा तास मोबाइल. पोरगी एकटी दुकानात गेलेली नव्हती, विहिरीच्या काठाला गेलेली नव्हती, विळा हातात धरलेला नव्हता. "न्हाय नव्हं, नाही म्हण," असं क्रांती तिला दिवसातनं दहादा सांगायची. गोठ्यात जायला मात्र मुभा होती, तीही आजीमुळं. संध्याकाळी शालूबाई धारेला बसली की अनुजा मैनाच्या तोंडाशी उभी राहायची, गळ्याखाली खाजवत शाळेतल्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टी आजीला कळायच्या नाहीत, म्हशीलाही नाहीत. दोघी ऐकून घ्यायच्या.

त्या संध्याकाळी क्रांती पुन्हा लुगडं नेसून बसली, तेव्हा अनुजा दारात येऊन उभी राहिली आणि हसायलाच लागली.

"मम्मी, तू आज्जी दिसतेस!"

"घरात जा. लाथ बसंल."

ती गेली नाही. मैनाच्या मानेखाली शिरली, गळ्यावरनं बोटं फिरवत आजीसारखंच खालच्या आवाजात म्हणाली, "हे बाय, सोड गं माझी बाय." अगदी तोच हेल. मग तोच आवाज न मोडता पुढं सांगत राहिली, की आज गणिताच्या मॅडमच्या चपलेचा बंद तुटला आणि त्या लंगडत वर्गात आल्या.

मैनानं मान सैल सोडली. क्रांतीच्या मुठीत सड भरून आला, गरम आणि मऊ, आणि बादलीत धार वाजली. ताठरलेल्या सडातनं आधी गुठळी आली, मग पाण्यासारखं, मग दूध. तिनं वर बघितलं नाही. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून ती धार काढत राहिली, आणि वर पोरगी बडबडत राहिली.

शालूबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. बादलीला फेस चढला तशी म्हणाली, "जमलं बघ. पोरीला आठ दिवस घरात ठेव."

क्रांतीचा हात थांबला.

"आठ दिवस गं. माझा हात असा, तू वैरणीला जाणार, ह्यो कामाला जाणार. म्हशीजवळ कुणी नगो? आठ दिवसांत काय शाळा पळून जात न्हाय."

हे शब्द क्रांतीनं आधी ऐकले होते. अगदी असेच, ह्याच क्रमानं. गगनबावड्याच्या अंगाला तिचं माहेर. ती सहावीत होती आणि आई बाळंत झाली होती. घरात दोन म्हशी. "आठ दिवस घरात ऱ्हा," बा म्हणाला होता, "शाळा काय पळून जाती काय?" ती राहिली. पहाटे धार, मग शेण, मग नदीवर बाळंतिणीची धुणी, मग वैरण, पुन्हा धार. बोटांची पेरं सुजायची. रात्री भाकरी मोडताना मूठ उघडायची नाही, डाव्या हातानं उजवीची बोटं सरळ करावी लागायची. मग एक दिवस गुरुजी सायकल घेऊन आले. बा सोप्यात तंबाखू मळत बसला होता. क्रांती आत दाराआड उभी होती.

"क्रांती दिसत नाही हल्ली," गुरुजी म्हणाले.

"येती की. पुढल्या सोमवारी येती."

गुरुजी चहा पिऊन गेले. तिनं त्या रविवारी दप्तर भरून ठेवलं होतं. सोमवारी पहाटे आईनं हाक मारली, "क्रांते, उठ, म्हशी हंबरत्यात." तो सोमवार गेला. त्यानंतरचेही गेले. आई वाईट नव्हती, बापही वाईट नव्हता. कुणी तिची शाळा बंद केली असंही म्हणता आलं नसतं.

"न्हाय," क्रांती म्हणाली.

"आँ?"

"एक दिवसबी न्हाय ठेवायची, आत्ती. म्हस मेली तरी चालंल."

गोठ्यात असं बोलायची पद्धत नव्हती. शालूबाईनं मैनाकडं बघितलं, तिनं ऐकलं की काय अशा नजरेनं. "काय बोलतीस? तिन्हीसांजेचं?"

"ऐकलं तेच."

"म्या काय तिला नांगराला जुपतीया? आमी न्हाय केलं? तू न्हाय केलंस? मेलीस का?"

क्रांतीनं बादली उचलली आणि ती बाहेर पडली. मागनं अनुजाचा आवाज आला, "पण मला आवडतंय की आज्जी." हे सगळ्यात वाईट होतं. क्रांती परत फिरली आणि काही समजायच्या आत पोरीच्या पाठीत एक धपाटा बसला. अनुजा रडली नाही. तिला मार खायची सवयच नव्हती, त्यामुळं तोंड उघडं टाकून ती बघत राहिली.

रात्री कृष्णातनंच मध्यम मार्ग काढला. बसच्या आधी सकाळची धार, शिकवणीनंतर संध्याकाळची. पोरीनं नुसतं तोंडाशी उभं राहायचं. "बोलायला काय लागतंय तिला? नायतर तोंड बंद असतंय कुटं?" म्हातारी धुसफुसली, पण कबूल झाली. क्रांतीही कबूल झाली, एका बोलीवर: बसचा भोंगा वाजला की पोरगी असेल तिथनं सुटली पाहिजे.

मग रोजचं चाक फिरायला लागलं. क्रांती पहाटे उठून आंबोण भिजवायची, शेण ओढायची, लुगडं गुंडाळायची. अनुजा जांभया देत युनिफॉर्मवर बापाचा जुना शर्ट चढवून यायची. पाऊस पत्र्यावर कोसळत असायचा. धार झाली की क्रांती डेअरीला, तिथनं येऊन बस, मग ओढ्याकाठाला गवत कापायला. पाठीवर गोणपाटाची खोळ, पायात गुडघाभर चिखल. ओला भारा वाळलेल्याच्या दुप्पट जड. मानेची शीर दुखायची. परत येऊन कडबाकुट्टीत वैरण घालायची. यंत्राची घरघर सुरू झाली की अंगणात कुणी मेलं तरी ऐकू येत नसे.

अनुजाला नुसतं उभं राहणं पुरलं नाही. "मला काढू दे, मम्मी, एकदाच," असं टुमणं लागलं. क्रांती नाही म्हणायची. पण संध्याकाळी ती कुट्टीला लागली की शालूबाई डाव्या हातानं नातीला शिकवायची, हे तिला उशिरा कळलं. एका संध्याकाळी ती आली तर पोरगी जीभ बाहेर काढून धारेला बसली होती आणि म्हातारी शेजारी वाकून सांगत होती, "अंगठा मुडपू नगोस. सगळी मूठ. वरनं खाली. हां. आता दुसऱ्या हातानं. घाई कुणाला हाय?"

क्रांतीला कधी कुणी असं शिकवलं नव्हतं. तिला नुसतं बसवलं होतं.

"मम्मी, बघ! आवाज बघ!" अनुजा ओरडली. "तू लहानपणी काढायचीस? किती मज्जा ना?"

 एकदम क्रांतीला नदीतली दुपार आठवली. म्हशी पाण्यात बसलेल्या, आणि आपण एकीच्या पाठीवर पालथं पडून आभाळाकडं पाठ करून झोपलेलो, कानाला म्हशीचा श्वास. त्या वेळी आपल्याला कुणी शोधत नव्हतं. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हशीवर बसायचे मी," ती म्हणाली. "नदीत."

"एकटी?"

"मग काय फौज घेऊन?"

"आणि तुझी मम्मी काही बोलायची नाही?"

"तिला कुटं ठाऊक असायचं."

अनुजाच्या डोळ्यांत जे दिसलं तो हेवा होता. क्रांती चक्रावली.

दोन दिवसांनी बस चुकली. सकाळी क्रांती अंगणाच्या पलीकडं कुट्टी करत होती. आदल्या दिवशीची कुट्टी संपली होती, म्हणून धारेआधीच यंत्र लावलं होतं. पोरीनं तेवढ्यात आपणहून बादली घेतली, म्हातारीनं अडवलं नाही. मैनानं पान्हा सोडला आणि तेवढ्यात पाणंदीच्या तोंडाला भोंगा वाजला. अनुजा उठायला लागली.

"बस खाली," शालूबाई म्हणाली. "चालू धार मोडत न्हाईत. म्हस परत देत न्हाय."

अनुजा बसली. भोंगा पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. क्रांतीनं यंत्र थांबवलं ते भारा सोडायला, आणि त्या शांततेत तिला बसच्या इंजिनाचा चढता आवाज ऐकू आला. ती पाणंदीकडं पळाली. वळणावर पिवळा रंग दिसला आणि गेला.

ती गोठ्यात आली तेव्हा तिचा चेहरा बघून शालूबाईच आधी बोलली, "एक दिस न्हाय गेली तर काय..."

"उठ," क्रांती पोरीला म्हणाली. "दप्तर घे."

"मम्मी, थोडंच राहिलंय..."

"उठ!"

डेअरीचा टेंपो दुधाचे कॅन घेऊन वारणेकडं निघायच्या बेतात होता. क्रांती आडवी उभी राहिली. सम्मेद खिडकीतनं म्हणाला, "वहिनी, ड्रायवर ओरडतोय, सीट न्हाय."

"कॅनवर बसतो."

"लुगड्यात?"

"तुमचं लुगडं हाय का? मग."

दोघी मागं कॅनच्या मधे बसल्या. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. डावीकडं जोतिबाचा डोंगर ढगात गेलेला. अनुजा खुशीत होती. तिला टेंपोत बसायचा हा पहिलाच योग. क्रांती दोन्ही हातांनी तिचं दप्तर छातीशी धरून बसली होती, जसं काही तेच कुणी ओढून नेईल.

शाळेच्या फाटकावर वॉचमननं हात आडवा केला. "मावशी, स्वयपाकाच्या बायका मागच्या दारानं."

क्रांतीनं खाली बघितलं. गुडघ्यापर्यंत शेण, अंगावर हिरवं लुगडं, डोक्यावर गोणपाट. तिनं पोरीला पुढं ढकललं. वॉचमननं युनिफॉर्म बघितला, हात काढला, आणि दुसरीकडं बघायला लागला.

अनुजा धावत आवारात गेली. तिच्या वर्गातल्या तीन-चार मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. एक जवळ आली आणि नाक मुरडून मागं सरली. "शी! कसला वास येतोय गं?"

क्रांती फाटकाच्या गजाला धरून उभी होती. तिला ठाऊक होतं पुढं काय होतं ते. सहावीत, घरी राहायच्या आधी, ती पहाटेचं शेण काढून निघायची आणि शाळेच्या वाटेवर निरगुडीचा पाला चुरगळून हाताला चोळायची, बोटं लाल होईस्तोवर. तरी वास जायचा नाही. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही, आणि ती दिवसभर हात दप्तराखाली लपवून बसायची. शाळा कायमची सुटली तेव्हा एवढी एक सुटका झाली होती. हे तिनं आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

व्हरांड्यात अनुजानं दोन्ही हात पुढं केले. "म्हशीचा! मी दूध काढलं आज. खरंच! घे, वास घे." ती एकीच्या मागं लागली. ती किंचाळत पळाली. मग दुसरीच्या. मग सगळ्या किंचाळत खांबांभोवती पळायला लागल्या, आणि जी आधी नाक मुरडून मागं सरली होती ती थांबून म्हणाली, "मला शिकवशील?"

घंटा झाली. अनुजानं मागं वळून बघितलं नाही.

क्रांती घरापर्यंत वडापच्या जीपनं आली. बाकीच्यांनी तिला जरा जागा सोडून बसू दिलं. घरी शालूबाई उंबऱ्यात बसली होती. अर्धवट राहिलेल्या धारेमुळं मैना हंबरत होती.

"गेली का साळंत?"

"गेली."

म्हातारी प्लॅस्टरवरची माशी हाकलत बसली. मग म्हणाली, "म्या साळंत गेलीच न्हाय. चुकली म्हंजे काय, मला काय कळणार?" तिच्यापुरती ती माफी होती. क्रांतीनं तिला चहा करून दिला.

त्यानंतर भोंगा वाजायच्या आधीच म्हातारी "ऊठ गं, ऊठ" करून नातीला हाकलायला लागली. रविवारपर्यंत असं चाललं. सड मऊ पडला होता. गुरांचा डॉक्टर बघून म्हणाला, कास वाचली.

सोमवारी पहाटे झड जरा ओसरली होती. क्रांतीनं आंबोण ठेवलं, लुगडं गुंडाळलं, हाक मारली, "अनू, ये."

ती आली नाही. क्रांती आत गेली. अनुजा आवरून, वेणी घालून, बूट घालून पलंगावर बसली होती आणि पाय हलवत होती.

"चल की."

"मम्मी, आज मी नाही."

"का? पोटात दुखतंय?"

"नाही."

"हात दुखत्यात? बघू."

"नाही गं. कंटाळा आला."

बाहेर शालूबाईनं ते ऐकलं. "काय आला म्हणती?"

"कंटाळा."

"आँ? कंटाळा?" म्हातारी बघतच राहिली. "आमाला कुटं मिळायचा गं त्यो?"

क्रांती पोरीकडं बघत उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, म्हशीचं, कासेचं, आज्जीच्या हाताचं. पण पोरीच्या खांद्यावर आलेली वेणीची टोकं तिनं मागं टाकली, आणि ती गोठ्यात गेली.

मैनानं मान वळवून दाराकडं बघितलं. कुणी आलं नाही. क्रांती खाली बसली. कासेवर कोमट पाणी मारलं. सड धरला, सोडला. मूठ फार आवळलेली होती. तिनं डाव्या हातानं उजवीची बोटं एकेक करून सैल केली, पुन्हा धरलं. कपाळ कुशीला टेकवलं. म्हशीचा श्वास कानाशी वर-खाली होत होता.

"हे बाय," ती म्हणाली. आवाज बसका निघाला. "सोड गं माझी बाय." त्यापुढं काय सांगायचं ते तिला सुचेना. तिच्याकडं शाळेतल्या गोष्टी थोड्याच होत्या. "आमचे गुरुजी," ती म्हणाली, "सायकलीवरनं यायचे. घंटी न्हवती सायकलीला. तोंडानंच वाजवायचे."

मैनाच्या अंगातनं एक लाट गेली. पहिली धार बादलीच्या तळाला लागली, मग दुसरी.

पाणंदीच्या तोंडाला भोंगा वाजला. बुटांचा आवाज अंगणातनं गेला.

"मम्मी, जाते!"

"ये जाऊन," क्रांती म्हणाली. धार चालू होती. बसचं दार लागल्याचा आवाज तिनं तिथंच बसून ऐकला.

उंबऱ्यातनं म्हातारीनं पुन्हा विचारलं, "पर झालं काय म्हणायचं पोरीला?"

"काय न्हाय झालं, आत्ती," क्रांती म्हणाली. "कंटाळा आला."